रडण्याआधी भाकर

सिस्टर कुणाच्या घरात शिरल्या की आधी पेशंटकडे बघायच्या नाहीत. चपला दारात काढायच्या, सरळ स्वयंपाकघरात जायच्या आणि भाकरीच्या टोपलीवरचं फडकं उचलायच्या. टोपली रिकामी असली की तिथूनच आवाज यायचा, "या घरमा चूल कोन पेटाडस? का सगळासनी उपास धरेल शे?"

माणूस शेवटच्या घटका मोजतोय, बाया तोंडाला पदर लावून बसल्यात, आणि ही बाई टोपल्या उघडते आहे. नवख्या माणसाला राग यायचा. मलाही आला होता.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. आमच्या म्हसावद गावात ते कोणी घेतही नव्हतं. सरकारी दवाखान्यातली नर्सची नोकरी संपवून त्या माझ्या मोटार वाइंडिंगच्या दुकानामागे दोन खोल्यांत राहायला आल्या, त्या 'सिस्टर' म्हणूनच. मूळच्या नवापूरकडच्या डोंगरातल्या, ख्रिस्ती घरातल्या. आतल्या खोलीत एकट्या असल्या की डोंगरातल्या बोलीत काहीतरी गुणगुणायच्या. गावाशी बोलायचं ते आमच्या अहिराणीत. आणि चिडल्या की शुद्ध मराठीत. "कृपया बाहेर बसा" असं त्यांच्या तोंडून निघालं की घरचे जावई-व्याहीसुद्धा उठून अंगणात जायचे.

तुमच्याही घरी कधी झालं असेल. शहरातला मोठा दवाखाना पेशंटला परत पाठवतो. डॉक्टर खांद्यावर हात ठेवून म्हणतो, "घरी न्या, सेवा करा." सेवा करायची म्हणजे सकाळी उठून नेमकं काय करायचं, हे कोणी सांगत नाही. आमच्या भागात ते सिस्टर सांगायच्या. पाठ कशी कोरडी ठेवायची, टाचेखाली जुन्या लुगड्याची चुंबळ कशी लावायची, गिळता येत नसताना पाणी ओतायचं नाही तर बोटाला ओला कापूस गुंडाळून तोंड पुसायचं, ओठांना तूप लावायचं. कोणी गंगाजळ आणि तुळशीचं पान घेऊन आलं तर अडवायच्या नाहीत. "थेंबभरच," एवढं म्हणायच्या, आणि मान वळवून तो थेंब स्वतः गालाच्या आत सोडायच्या. धडगावच्या डोंगरात गेल्या आणि घरच्यांनी पुजाऱ्याला बोलावलेलं असलं तर त्यालाही बसायला जागा करून द्यायच्या. फक्त धूर दाराकडे ठेव, म्हणायच्या.

पेशंटपाशी कुजबुज त्यांना खपायची नाही. "कान शेवटपर्यंत चालू ऱ्हास," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. एका घरी बाप डोळे मिटून पडलेला, आणि दोघं भाऊ उशाशी बसून विहिरीवरची मोटार कोणाकडे जाणार याचा निवाडा करत होते. सिस्टर म्हाताऱ्याच्या कानाशी वाकल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "बाबा, ऐका! तुमना पोऱ्या मोटार वाटी ऱ्हायनात!" म्हाताऱ्याने डोळे उघडले, थोरल्याला एक अस्सल शिवी दिली आणि पाणी मागितलं. पुढे तो बरेच दिवस टिकला. ती मोटार माझ्याकडेच दुरुस्तीला यायची, म्हणून मला माहीत.

आणि आपल्याकडची ती परीक्षा! भेटायला येणारा प्रत्येक जण मरणाऱ्या माणसावर ओणवा होतो आणि विचारतो, "वळखं का माले? सांगा, मी कोन शे?" बिचारा श्वास घ्यायला झगडतोय, आणि हे त्याचा पेपर घेणार. सिस्टरनी आमच्या दारात सगळ्यांना ताकीद दिली होती, "पहिले आपलं नाव सांगानं, मंग बसानं." तरी आमचा एक चुलत काका चुकलाच. माझ्या वडिलांवर, म्हणजे आबांवर, ओणवा होऊन म्हणाला, "आबा, मी कोन शे?" आबांनी डोळेही उघडले नाहीत. म्हणाले, "मन्ही म्हैस मरनी तव्हय बी तू असाच देखाले उना व्हता." सिस्टर हसू लपवायला स्वयंपाकघरात गेल्या. टोपलीचं निमित्त होतंच.

आता आबांवर आलोच आहे, तर थांबत नाही.

आबा एसटीत ड्रायव्हर होते. शहादा-धडगावचा घाट त्यांनी आयुष्यभर चढला-उतरला. पोटात गाठ निघाली तेव्हा सुरतेच्या दवाखान्यात नेलं, आणि तिथून त्या 'सेवा करा'वर परत आलो. परत येताना आबांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "आते माले कोठे लई जाऊ नको." मी हो म्हणालो. हो म्हणणं सोपं होतं. बंद पडलेलं चालू करून देणं हा माझा धंदा. जळालेली मोटार दिली तर मी ती उघडतो, तांब्याची तार नव्याने गुंडाळतो, चालू करून देतो. समोरचं माणूस थांबत चाललं आहे आणि आपण उघडायचं काहीच नाही, हे मला जमत नव्हतं. मी दिवसभर पलंगाभोवती फिरायचो. पंखा नीट कर, उशी नीट कर. दुकान बंद, जेवण कसंबसं. बायकोचंही तेच.

सिस्टरनी पहिल्या दिवशी टोपली बघितली आणि शुद्ध मराठीत मला म्हणाल्या, "तुमचे वडील जाणार आहेत. तुम्ही आधी जाऊ नका."

आबांना शेवटी शेवटी भ्रम व्हायचा. ते घाटात असायचे. उजवा हात स्टेअरिंगवर, डावा गिअरवर. मध्येच गाडी उभी राहायची आणि कासावीस व्हायचे, "बेल दे ना! बेल दे!" आम्ही घाबरून "आबा, तुम्ही घरी शेतस" असं समजावायचो, त्याने ते आणखी चिडायचे. सिस्टरनी एकदा ऐकलं, स्टीलचा पेला उचलला आणि चमच्याने दोन टोले दिले. टण टण. डबल बेल. आबांनी गिअर टाकला. अंग सैल पडलं. त्या सैल पडलेल्या अंगाला त्यांनी तेवढ्यात अलगद कुशीवर घेतलं, पाठ पुसली, पावडर लावली. तेव्हापासून कूस बदलायची वेळ झाली की आमच्या घरात डबल बेल व्हायची. कण्हणं जवळजवळ थांबलं. शेजारच्या बाया म्हणायच्या, सिस्टर काहीतरी मंत्र घालते.

शेवटच्या सकाळी पाय गार पडले. श्वासात खंड पडायला लागला. सिस्टर म्हणाल्या, दुपार बघतील असं वाटत नाही. मी सुरतेजवळ उधन्याला राहणाऱ्या माझ्या मोठ्या बहिणीला, अक्काला, आदल्या दिवशीच कळवलं होतं. ती निघाली होती, पहाटेच्या गाडीने. नंदुरबारला उतरून पुढे प्रकाशा गावावरून जीपने येणार होती.

उन्हं ओट्यावर आली तेव्हा आबा गेले. पलंगापाशी मी, बायको आणि सिस्टर, तिघंच. एक श्वास बाहेर पडला आणि पुढचा आला नाही. मोटार अखंड चालू असली की तिचा आवाज ऐकू येत नाही. बंद पडते तेव्हा कळतं, केवढा आवाज होता. तसं झालं. घर एकदम शांत. सिस्टरनी नाडी बघितली, छातीवर कान ठेवला, डोळे मिटले, हनुवटीला मऊ पट्टी बांधली, हात सरळ केले. माझ्या बायकोने तोंड उघडलं, तिचा हुंदका फुटणार, तेवढ्यात सिस्टरनी तिच्या तोंडावर हात ठेवला.

"थांब. आधी जेवा."



त्या शुद्ध मराठीत बोलल्या, पण चिडून नाही. "आता तू रडलीस की गल्ली गोळा होईल. मग चूल पेटणार नाही, कोणी तुम्हाला पाण्याशिवाय काही देणार नाही. सुरतचे लोक येईपर्यंत अग्नी द्यायला संध्याकाळ होईल. याला मडकं धरून चालायचं आहे. एका घरी मडकं धरलेला मुलगा वाटेतच कोसळला. त्याला मी उचललं आहे. आबा कुठे जात नाहीत. आत चला."

टोपलीत सकाळच्या भाकरी होत्या. त्यांनी दोन ताटल्या घेतल्या, भुईमुगाची चटणी वाढली, वर कच्चं तेल सोडलं, कांदा फोडून दिला. स्वतः स्वयंपाकघराच्या दारात पाट टाकून बसल्या, पाठ बाहेरच्या बाजूला. कोणी आलंच तर आधी त्यांची पाठ दिसावी म्हणून.

आणि आम्ही जेवलो.

आजवर मी हे कोणाला सांगितलं नाही, ते यासाठी नाही की मी जेवलो. ते यासाठी, की ती भाकर मला गोड लागली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा जिभेला चव आली. बाप पलीकडे पडलेला, आणि मी बोटं चाटत होतो. छातीवरचं ओझं कोणीतरी उचलून बाजूला ठेवल्यासारखं मोकळं वाटत होतं. मला रडू येत नव्हतं, मला आणखी भाकर हवी होती. सिस्टरनी न विचारता अर्धी टाकली.

तेवढ्यात फोन वाजला. अक्का.

"आबा कसा शेतस रे?"

माझ्या तोंडात घास. सिस्टर माझ्याकडे बघत होत्या. मी घास गालात सरकवला आणि म्हणालो, "झोपेल शेतस."

"मी परकाशाले शे. आठे नारळवाला शे, आबासाठे पानी ली येऊ का?"

"ली ये," मी म्हणालो.

अक्का पोचली तेव्हा अंगणात माणसं जमली होती, बायांचा आक्रोश चालू होता. ती दारातच खाली बसली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत नारळाचं पाणी, पिशवीच्या तोंडाला दोरा बांधलेला. तिने मला एवढंच विचारलं, "कव्हय?"

मी म्हणालो, "आतेच."

का म्हणालो ते मला आजही नीट सांगता येणार नाही. बोटांना चटणीचा वास येत होता, मी हात पाठीमागे घेतले होते. खरी वेळ सांगितली असती तर मधल्या वेळात काय करत होतात, हा प्रश्न आला असता. तेवढंच.

त्या 'आतेच'चं काय झालं बघा. अक्काच्या मनाने हिशेब घातला, की आपण प्रकाशाला नारळवाल्यापाशी थांबलो नसतो तर बाप जिवंत भेटला असता. तो नारळवाला मलई खरवडत बसला आणि आपण बघत उभ्या राहिलो. त्यानंतर तिने प्रकाशाला कधी जीप थांबू दिली नाही. नारळाचं पाणी तोंडाला लावलं नाही. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी येतात, आणि त्याच दिवशी गेलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरून पुजतात. अक्का दर आखाजीला यायची, आबांच्या घागरीपुढे हात जोडायची आणि म्हणायची, "आबा, माफ करा. मी तठे थांबनू."

दर वर्षी मी मागे उभा असायचो. दर वर्षी गप्प.

सिस्टरना हे माहीत होतं. भिंतीपलीकडेच राहायच्या त्या. पण बोलल्या नाहीत कधी. गुडघे धरले, डोंगर चढणं बंद झालं, तेव्हा भाचीकडे, नवापूरच्या पुढच्या आपल्या गावी जायचं ठरवलं. पिकअपमध्ये सामान चढत होतं. सामान तरी काय, एक खाट, एक कपाट, भांडी. मी कपाटाला दोरी आवळत होतो. त्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

"अक्काला सांगितलंत?"

शुद्ध मराठी. मी दोरीला आणखी एक गाठ मारली.

"फोनवर खोटं बोललात ते मी ऐकलं. वाटेत एकट्या बाईमाणसाला असलं सांगायचं नसतं, मी पण तेच बोलले असते. जेवायला तर मीच बसवलं. ते पाप असेल तर माझ्या नावावर मांडा, माझा देव आणि मी बघून घेऊ. पण अंगणात 'आतेच' म्हणालात, ते कोणासाठी?"

मी म्हणालो, "सिस्टर, मला ती भाकर गोड लागली हो."

 सिस्टर एकदम अहिराणीत आल्या. "लागसच. सगळासले लागस. रडी रडी जे सांगतस ना, त्यासले बी लागेल ऱ्हास. माणूस सुटना म्हनीसन तुले सुटं वाटनं. तू काय त्याले ढकली दिन्हा व्हता का?"

आणि पिकअपवाल्याला ओरडल्या, "भाऊ, कपाट उभं ठेव, आडं नको!"

त्या भाचीकडे गेल्यानंतरच्या आखाजीला अक्का आली. घागर भरली, वर खरबूज ठेवलं, हात जोडले. "आबा, माफ करा," एवढं म्हणाली, आणि मी मध्येच बोललो. ठरवलेलं काही नव्हतं. म्हणालो, "अक्का, तू परकाशाले व्हती तव्हयच आबा गयेल व्हतात."

ती वळली.

मी सगळं सांगितलं. भाकर, चटणी, फोन, गालातला घास. गोड लागली, तेही सांगितलं.  इतकी वर्षं न आलेलं रडू तिथे आलं, खरबुजापुढे.

अक्काने घागरीवरचं खरबूज सरळ केलं. मग म्हणाली, "तुन्ही बायको बी जेवनी?"

"जेवनी."

"आन् मी थांबती नही, तरी भेट व्हती नही?"

"नही व्हती."

ती उठली, मोरीत गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली.  दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी भरून दारात उभी. "नवापूरवरतून जासू. माले सिस्टरकडे लई चाल. माले तिन्हासंगे बोलनं शे."

 अक्काचं बोलणं म्हणजे काय ते उधन्याच्या अख्ख्या चाळीला ठाऊक आहे. वाटभर ती तयारी करत होती. "इचारसू तिले. मन्हा बाप तठे पडेल, आन् तू भाकर कसी वाढी, बाई?" मध्येच गप्प व्हायची, खिडकीबाहेर बघायची, मग पुन्हा, "तोंडवर इचारसू." मांडीवर सांजोऱ्यांचा डबा होता. भांडायला निघालेली बाई डबा घेऊन निघते, हे आमच्याकडेच. मी तसं म्हणालो नाही. म्हणायची छाती नव्हती.

नवापूरहून रिक्षा केली. वैशाखातलं भर दुपारचं ऊन. गावात चिटपाखरू नाही. कौलारू घर, अंगणात आंब्याचं मोठं झाड, झाडाखाली तीच खाट. खाटेवर सिस्टर.

झोपल्या होत्या. पाठीवर उताण्या, तोंड उघडं, एक हात खाली लोंबता, मोठ्याने घोरत होत्या. मनगटावर घड्याळही नाही. मी त्यांना कधी झोपलेलं बघितलं नव्हतं. आमच्या घरात त्या खुर्चीतसुद्धा पाठ टेकायच्या नाहीत. आबांच्या वेळच्या सवयीने माझी नजर त्यांच्या छातीवर गेली. वर-खाली होत होती, संथ, बिनघोर.

घरातून भाची बाहेर आली. आम्ही म्हसावदचे म्हटल्यावर समजली. म्हणाली, "आत्या दुपारची अशीच झोपते. आधी नाही झोपायची. उठवू का?"

मी अक्काकडे बघितलं. ती खाटेपाशी उभी होती. तिने सिस्टरच्या चेहऱ्याकडे, मग त्या लोंबत्या हाताकडे बघितलं. बघत राहिली. तिच्या तोंडावरचा ताठा हळूहळू कुठे गेला ते मला कळलं नाही.

"उठाडू नको," ती भाचीला म्हणाली, इतक्या हळू, की मला माझी बहीण वाटेना.

तिने तो हात उचलून अलगद खाटेवर ठेवला आणि उशाशी जमिनीवरच बसली. अंगणातल्या गावठी कोंबड्या सावलीला येत होत्या. त्यांतला एक तांबडा कोंबडा खाटेच्या पायापाशी आला, मान ताणली, पंख फडफडवले, आता आरवणार.

अक्काने पदर झटकून त्याला हाकललं.